डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर आणि अर्धशिशी : नैसर्गिक उपाय, त्यांची मात्रा आणि क्रम

स्कॅन नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाला गेलेला तडा शोधतो, तेवढंच त्याचं काम. हादरा बसला की मेंदूच्या पेशींमधलं पोटॅशियम बाहेर जातं, कॅल्शियम आत शिरतं. ते पुन्हा जागेवर आणायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते आणि नेमका त्याच दिवसांत ऊर्जेचा पुरवठा अपुरा असतो. ही ओढाताण चित्रात दिसत नाही. त्याच हिसक्यात मान आवळते आणि आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून निसटू शकतात. म्हणजे एकच मार, पण बिघाड दोन-तीन ठिकाणी. उपाय लागू पडत नाहीत त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. बिघाड कानात असतो आणि मालीश मानेला चालू असतं.

दुसरं कारण मात्रेचं. काही जण महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहतात, काही जण तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत सुरू करतात. दोघांचाही त्रास लांबतो.

आधी धोक्याच्या खुणा

पुढचं काहीही करण्यापूर्वी ही यादी नीट वाचा. डोकेदुखी तासागणिक वाढत जाणं, दोन किंवा अधिक वेळा उलटी, झटके, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद कमी होणं, एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसणं, हाक मारूनही नीट जागं न होणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येणं, वागण्यात अचानक बदल. यातलं एक जरी असेल तर घरगुती उपाय नाही, थेट आपत्कालीन विभाग. वय 65 च्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लक्षणं नसली तरी तपासणी करून घ्या. वयस्कर माणसांत मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठत जातं आणि त्याची लक्षणं कधी कधी काही आठवड्यांनी दिसतात. म्हणून ‘मार लागून महिना झाला, आता काय होणार’ असं गृहीत धरू नका.

मानेची एक खूण वेगळी सांगायला हवी. मार लागल्यावर मानेच्या एकाच बाजूला, पूर्वी कधीच न झालेली तीव्र वेदना, त्यासोबत एका डोळ्याची पापणी खाली येणं, दोन-दोन दिसणं किंवा चालताना तोल जाणं, ही मानेतल्या रक्तवाहिनीला चीर गेल्याची लक्षणं असू शकतात. याच कारणासाठी मार लागल्यानंतर कुणाकडूनही मान कडकन मोडून घेऊ नये.

पहिले दोन दिवस

पहिल्या 24 ते 48 तासांत आराम हवा, पण तो अंथरुणाला खिळण्याचा नव्हे. घरातल्या घरात फिरणं, आंघोळ, जेवण, थोड्या गप्पा चालतात. या दोन दिवसांत मोबाइल आणि संगणक शक्य तितका दूर ठेवा. पहिले 24 तास सोबत कुणीतरी असावं. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोपायला हरकत नसते. झोपेतून उठवून बघायचं का आणि किती वेळाने, हे त्यांनाच विचारून ठेवा.

दुखलं तर पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या मात्रेत. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पहिल्या दिवसांत नको, कारण दोन्हींमुळे रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा येतो. हीच काळजी ‘नैसर्गिक’ गोष्टींबाबतही घ्या. लसणाच्या किंवा गिंको नावाच्या वनस्पतीच्या गोळ्या याच कारणासाठी या दिवसांत टाळायच्या. मद्य पूर्ण बंद.

दोन दिवसांनंतर हळूहळू चालायला लागा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 11 ते 22 वयाच्या रुग्णांपैकी काहींना पाच दिवस सक्त विश्रांती दिली, बाकीच्यांना एक-दोन दिवसांची. सक्त विश्रांती घेतलेल्यांनीच जास्त लक्षणं नोंदवली आणि त्यांचा त्रास जास्त दिवस टिकला. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांची उजेडाची सवय मोडते, झोपेचं घड्याळ बिघडतं आणि मन सारखं दुखण्याकडेच लागून राहतं.

एकच मोजपट्टी : दोन गुण, एक तास

पुढे येणारा प्रत्येक व्यायाम या पट्टीवर मोजायचा. सुरू करण्यापूर्वी त्रासाला शून्य ते दहा गुण द्या. व्यायाम करताना आकडा जास्तीत जास्त दोन गुणांनी वाढला तर चालतं, मात्र तासाभरात तो मूळच्या जागी परत यायला हवा. 3 वरून 5 झाला आणि अर्ध्या तासात उतरला, तर मात्रा बरोबर आहे. 3 वरून 6 झाला, किंवा 5 वरच संध्याकाळपर्यंत अडकून बसला, तर मात्रा जास्त झाली. दुसऱ्या दिवशी वेळ किंवा वेग निम्मा करा, पण व्यायाम सोडू नका. आणि आकडा अजिबात हलत नसेल तर मात्रा कमी पडते आहे. मेंदूला तोलाची नवी गणितं शिकवायची तर थोडीशी गरगर व्हावीच लागते.

चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?

मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते निदानाला फार उपयोगी पडतात. डॉक्टरांना नुसतं ‘चक्कर येते’ सांगू नका. खोली गरगर फिरते, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, चालताना झोक जातो, की हलत्या गर्दीकडे किंवा सरकत्या स्क्रीनकडे बघून डोकं भणभणतं, ते नेमकं सांगा. कुशीवर वळताना किंवा वर बघताना काही सेकंद गरगरतं, ती बहुतेक वेळा कानातल्या कणांची चक्कर. उठताना येते ती रक्तदाबाची. डोकं वेगाने वळवलं की दृश्य थरथरतं, तेव्हा डोळा आणि कान यांचा मेळ बिघडलेला असतो. मान आखडलेली असताना येणारं तरंगल्यासारखं वाटणं मानेचं. आणि उजेड-आवाज सहन न होता तासन्‌तास टिकणारी गरगर ही अर्धशिशीचंच एक रूप असू शकते, तेव्हा डोकं दुखलंच पाहिजे असं नाही. एकाच माणसात यातले दोन-तीन प्रकार एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

कानातले कण : एपली यांची पद्धत

सगळ्या प्रकारांत लवकर बरी होणारी चक्कर हीच, म्हणून तिचा शोध आधी घ्यावा. अमेरिकी कानतज्ज्ञ जॉन एपली यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. निसटलेले कण आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळीत तरंगत असतात. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते गुरुत्वाकर्षणाच्या मदतीने पुन्हा मूळ कप्प्यात सोडायचे, एवढीच यातली कल्पना.

मानेला इजा, डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा मानेतल्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर हे घरी करायचं नाही. पहिली वेळ कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा तोलाच्या विकारांचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टसमोरच करा, कारण कोणता कान आणि कोणती नळी हे ठरवल्याशिवाय दिशा ठरत नाही.

बिघाड उजव्या कानात आणि मागच्या नळीत असेल तर क्रम असा :

1. पलंगावर पाय लांब करून बसा. आडवं झाल्यावर खांद्यांखाली येईल अशा बेताने मागे उशी ठेवा. मान उजवीकडे 45 अंश वळवा, म्हणजे समोर आणि खांदा यांच्या बरोबर मधोमध.
2. मान तशीच ठेवून झटकन मागे आडवे व्हा. खांदे उशीवर, डोकं उशीपलीकडे थोडं खाली झुकलेलं. गरगर सुरू होईल. ती थांबेपर्यंत आणि त्यावर आणखी 30 सेकंद थांबा.
3. डोकं न उचलता डावीकडे 90 अंश फिरवा, म्हणजे आता ते डावीकडे 45 अंशांवर येईल. पुन्हा 30 सेकंद.
4. डोकं आणि अंग एकत्र डाव्या कुशीवर वळवा. नाक जमिनीकडे तिरकं रोखलेलं हवं. 30 सेकंद.
5. हनुवटी किंचित आत घेऊन पाय खाली सोडत सावकाश उठून बसा. दहा-पंधरा मिनिटं बसून राहा, लगेच वाहन चालवू नका.

डावा कान असेल तर सगळं आरशातल्यासारखं उलट.

दुसऱ्या पायरीला सोबतच्या माणसाने डोळ्यांकडे नीट बघावं. आडवं झाल्यावर काही सेकंद काहीच होत नाही. मग बुबुळं कपाळाच्या दिशेने झटके देऊ लागतात आणि त्याच वेळी खालच्या कानाकडे किंचित पिळल्यासारखी फिरतात. झटके आधी वाढतात, मग विरतात, आणि मिनिटाच्या आत सगळं शांत होतं. असं दिसलं तर दुखणं कानाचं आहे. झटके थांबतच नाहीत किंवा सरळ हनुवटीच्या दिशेने जातात, तर पद्धत तिथेच थांबवा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

चुका कुठे होतात? बहुतेक जण दुसऱ्या पायरीला घाबरून हळूहळू आडवे होतात, चौथ्या पायरीला नाक छताकडेच ठेवतात, किंवा गरगर सुरू होताच उठून बसतात. उठलं की कण आले त्याच वाटेने परत जातात. मार लागल्यानंतरच्या चक्करेत एकापेक्षा जास्त नळ्या किंवा दोन्ही कान बिघडलेले असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून एका वेळेत बरं वाटलं नाही तर पद्धत फसली असं समजू नका. पुन्हा करावी लागते. नंतर दोन दिवस बसून झोपण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही.

नजर स्थिर करण्याचा व्यायाम

कागदावर बोटाच्या पेराएवढं एक अक्षर काढा आणि डोळ्यांच्या उंचीवर, साध्या रंगाच्या भिंतीवर चिकटवा. एक मीटरवर बसा. नजर अक्षरावर खिळवून डोकं ‘नाही’ म्हणताना हलवतो तसं दोन्ही बाजूंना साधारण 20 अंश हलवा. अक्षर स्वच्छ दिसतं तेवढाच वेग ठेवायचा. अक्षराला शेपूट फुटली, ते थरथरलं, की वेग जास्त झाला. 30 सेकंद करा, विश्रांती घ्या, मग ‘हो’ म्हणताना हलवतो तसं वर-खाली 30 सेकंद. दिवसातून दोन-तीन वेळा.

हे सोपं वाटू लागलं की एक मिनिट करा, मग उभं राहून, मग पाय जुळवून, मग नक्षीदार पडद्यासमोर. एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची. बसून उभं राहणं, वेग वाढवणं आणि नक्षी, तिन्ही एकाच दिवशी केलं की संध्याकाळी डोकं ठणकतं आणि माणूस व्यायामालाच दोष देतो. उभं राहून करताना हाताशी भिंत किंवा खुर्ची असू द्या.

वाचताना अक्षरं दुहेरी होत असतील तर पेन्सिलीचं टोक हातभर अंतरावरून नाकाकडे हळूहळू आणा. एकाची दोन टोकं कुठे होतात ते अंतर मोजा. साधारण सहा सेंटिमीटरच्या अलीकडे आणता येत नसेल तर डोळे आत वळवण्याची ताकद कमी झाली आहे आणि वाचून उठणारी डोकेदुखी तिथूनही येऊ शकते. नेत्रतपासणीत हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण चष्म्याच्या नंबरात ते दिसत नाही.

मान

पाठीवर झोपा, डोक्याखाली पातळ घडी. हनुवटी गळ्याकडे हलकेच आत घ्या, जणू मान जराशी हलवून ‘हो’ म्हणता आहात. डोकं उचलायचं नाही. गळ्याच्या पुढचे जाड स्नायू ताठरले तर जोर जास्त होतोय. 10 सेकंद धरा, 10 वेळा, दिवसातून दोनदा. मानेला शेक 15 मिनिटं. डोकं ठणकत असेल तर शेकाऐवजी कपड्यात गुंडाळलेला बर्फ, तोही 15 मिनिटंच.

मान आणि तोल या दोन्हींवर एकत्र काम करण्याचा फायदा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात स्पष्ट दिसला. दोन्हींवर उपचार झालेल्या 15 जणांपैकी 11 जणांना आठ आठवड्यांत खेळायची परवानगी मिळाली. फक्त विश्रांती, स्नायू ताणण्याचे व्यायाम आणि क्रमाक्रमाने हालचाल वाढवणं एवढंच केलेल्या 14 पैकी एकालाच ती मिळाली.

उठताना अंधारी

पाच मिनिटं आडवं पडून नाडी आणि रक्तदाब मोजा. मग उभं राहून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, अथवा रक्तदाब न उतरता मोठ्या माणसाची नाडी 30 ने वाढून तशीच टिकली, तर हा कागद डॉक्टरांना दाखवा. तोवर अंथरुणातून उठण्यापूर्वी मोठा पेला भरून पाणी, पोटऱ्या दहा-वीस वेळा आवळणं-सोडणं, आणि उठताना आधी बसून मग उभं राहणं. मीठ वाढवण्याचा सल्ला ऐकाल, पण रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर स्वतःच्या मनाने नको.

डोकेदुखी

सगळ्यात आधी गोळ्या मोजा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) किंवा एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चालू राहिलं तर गोळ्यांमुळेच रोजचं डोकं दुखायला लागतं. कितीतरी लोकांचं लांबलेलं दुखणं खरं तर इथे अडकलेलं असतं. त्यांना वाटतं, मार फार जोराचा होता. गोळ्या कमी करताना पहिले काही दिवस दुखणं वाढतं, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं.

झोपण्या-उठण्याची वेळ रोज एकच, सुटीच्या दिवशीही. जेवण चुकवू नका, चार-पाच तासांपेक्षा जास्त उपाशी राहू नका. चहा-कॉफी रोज तितकीच आणि दुपारनंतर नको. एकदम बंद केल्यानेही डोकं दुखतं. घरात काळा चष्मा घालून बसू नका, डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि उजेड आणखी बोचू लागतो. स्क्रीनचा उजेड खोलीएवढा ठेवा, अक्षरं मोठी करा आणि पान सरकवत वाचण्याऐवजी एकेक पान उलटत वाचा. चक्कर असलेल्यांना अक्षरांपेक्षा सरकणं जास्त त्रास देतं.

पूरक गोष्टींपैकी तीन विचार करण्याजोग्या आहेत. त्यांचे बहुतेक अभ्यास नेहमीच्या अर्धशिशीवर झाले आहेत, मार लागल्यानंतरच्या डोकेदुखीवर फारसे नाहीत. लक्षणं अर्धशिशीसारखी असतील तरच त्यांच्याकडून अपेक्षा ठेवा. मॅग्नेशियम रोज 400 ते 600 मिलिग्रॅम, सुरुवात रात्री 200 ने. जुलाब लागले तर मात्रा कमी करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर नको, आणि थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब घ्या. रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व बी-2, रोज 400 मिलिग्रॅम. लघवी गडद पिवळी होते, ते निरुपद्रवी आहे. कोएन्झाइम क्यू-10, 100 मिलिग्रॅम तीन वेळा. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. तिन्ही एकदम सुरू केलं तर गुण कशाचा आणि अपाय कशाचा ते कळणार नाही. एकेक घ्या, प्रत्येकाला तीन महिने द्या. गरोदर असाल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका. मळमळीला आलं चांगलं. बटरबर नावाची वनस्पती अर्धशिशीसाठी विकली जाते, पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदींमुळे ती टाळलेलीच बरी.

चालणं हे औषध, नाडी हे माप

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिलची एक तपासणी विकसित केली. चढ हळूहळू वाढवत नेतात आणि कोणत्या नाडीला लक्षणं वाढतात ते टिपतात. व्यायाम त्याच्या 80 ते 90 टक्के नाडीवर करायचा. 140 ला त्रास वाढला तर 112 ते 126 च्या दरम्यान, रोज 20 मिनिटं. याच गटाच्या 2019 मधल्या अभ्यासात असा व्यायाम करणाऱ्या 13 ते 18 वयाच्या मुलांपैकी निम्मी 13 दिवसांत सावरली, तर नुसते स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी निम्मी सावरायला 17 दिवस लागले.

तपासणीची सोय नसेल तर सपाट रस्त्यावर, पूर्ण वाक्य बोलता येईल अशा वेगाने 10 मिनिटं चाला आणि वरची दोन गुणांची पट्टी लावा. दोन-तीन दिवसांनी पाच-पाच मिनिटं वाढवा. पुन्हा डोक्याला मार लागेल असा कुठलाही खेळ, उंचावर चढणं आणि वाहन चालवणं डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद.

चार आठवड्यांनीही त्रास टिकून असेल तर तज्ज्ञांकडे जा, आणि जाताना एक कागद न्या : रोजचा गुण सकाळ-संध्याकाळ, चक्कर आली तेव्हा डोकं कोणत्या स्थितीत होतं, ती सेकंद टिकली की तास, त्या दिवशी किती गोळ्या घेतल्या, रात्रीची झोप किती, आणि नाडी-रक्तदाबाचे आकडे. चौदा दिवसांच्या नोंदी पुरतात.